ओझोन इंजेक्शन चाचणी: बंद पेट्रोल पंपाच्या जागेवरील प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

आज जागेची पहिली सविस्तर पाहणी केली. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील हा पंप काही वर्षांपूर्वी बंद झाला असून त्याच्या भूमिगत टाक्या काढून नेल्या आहेत. टाक्या गेल्या तरी त्यांनी जमिनीत सोडलेले पेट्रोल गेलेले नाही, आणि शेजारच्या विहिरीच्या पाण्याला येणारा वास हाच या प्रकल्पाचा आरंभ आहे. पाण्यावर तरंगणारा पेट्रोलचा थर आधीच्या टप्प्यात पंपाने उपसून काढला आहे. आता पाण्यात विरघळलेला आणि मुरमाला चिकटून राहिलेला भाग उरला आहे. तो मोडण्यासाठी जमिनीत ओझोन वायू सोडून पाहायचा आहे.

वरून खाली पाहिल्यास साधारण दीड मीटर काळी माती व भराव, त्याखाली मुरूम, मग मांजऱ्या (सच्छिद्र, तुलनेने मऊ बेसाल्ट) खडक, त्याखाली गेरूचा पातळ लाल थर आणि नंतर काळा पाषाण असा क्रम आहे. भूजलाची पातळी आज ६.२ मीटरवर मिळाली. पावसाळा नुकताच सरल्यामुळे ती पुढे खाली जाईल, हे नियोजनात धरले आहे.

चाचणीपुढे आम्ही दोनच प्रश्न ठेवले आहेत. सोडलेल्या ओझोनपैकी किती पेट्रोलवर खर्च होतो आणि किती जमीन स्वतःच गिळते, हा पहिला प्रश्न. पाण्यातील बेंझीन (पेट्रोलमधील एक विषारी घटक) कमी झालेले दिसले, तर ते ओझोनने मोडले की बुडबुड्यांबरोबर नुसतेच वर उडून गेले, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर न देता ‘८० टक्के घट’ असे लिहिणारे अहवाल आम्ही पाहिले आहेत, आणि तसा आणखी एक अहवाल लिहिण्याची आमची इच्छा नाही.

१४ नोव्हेंबर

ओझोनच का, याची नोंद पुढे विचारणा होईल म्हणून करून ठेवतो. जागेलगत वस्ती असल्यामुळे सगळी माती खणून नेणे शक्य नाही. परमँगनेट हे दुसरे ऑक्सिडीकारक स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण बेंझीनच्या कड्यापुढे त्याचे फारसे चालत नाही. फेंटन पद्धतीला (हायड्रोजन पेरॉक्साइड व लोह) आम्लता लागते, आणि आपल्या बेसाल्टातील पाण्यात बायकार्बोनेट इतके असते की ओतलेले आम्ल तेच संपवून टाकते; शिवाय त्या क्रियेत उष्णता निर्माण होते, जी पेट्रोलच्या वाफेजवळ नको आहे.

ओझोनची ऑक्सिडीकरण क्षमता २.०७ व्होल्ट आहे, आणि त्याच्या विघटनातून निर्माण होणाऱ्या हायड्रॉक्सिल मूलक या अतिक्रियाशील, क्षणजीवी कणाची सुमारे २.८ व्होल्ट. तो जागेवरच तयार करता येतो आणि वापरानंतर मागे ऑक्सिजन उरतो, जो जमिनीतील पेट्रोल खाणाऱ्या जिवाणूंच्या उपयोगी पडतो. अडचण आयुष्याची आहे: सामान्य तापमानाच्या उदासीन पाण्यात त्याचे अर्धायुष्य अवघे काही मिनिटे, फार तर वीस-एक मिनिटे असते. म्हणजे तो साठवता येत नाही आणि जमिनीत दूरवर पाठवताही येत नाही.

१९ नोव्हेंबर

यंत्र भाड्याने घेण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडला. बेंझीनचा एक रेणू पूर्णपणे कार्बन डायऑक्साइड व पाण्यात बदलण्यासाठी ऑक्सिजनचे १५ अणू लागतात. ओझोनचे तिन्ही अणू कामी आले, तर १ ग्रॅम बेंझीनला ३.१ ग्रॅम ओझोन पुरेल. एकच अणू कामी येऊन उरलेले दोन ऑक्सिजन वायू म्हणून निघून गेले, तर ९.२ ग्रॅम लागेल. प्रत्यक्षातील आकडा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येतो, आणि त्यात मातीचा वाटा अजून धरलेलाच नाही.

हाच हिशेब पेट्रोलसाठी केला तेव्हा खोलीत थोडा वेळ शांतता पसरली. पेट्रोलचे रेणू ढोबळमानाने एक कार्बन व दोन हायड्रोजन अशा तुकड्यांचे धरले आणि ओझोनचा एकच अणू वापरला जातो असे मानले, तर दर ग्रॅमला सुमारे १०.३ ग्रॅम ओझोन लागतो. एक लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ७५० ग्रॅम, म्हणजे जवळपास ७.७ किलो ओझोन. आम्ही पाहून ठेवलेले यंत्र ताशी १० ग्रॅम देते. एका लिटरसाठी ते अखंड ३२ दिवस चालवावे लागेल! तरंगणारे पेट्रोल ओझोनने जाळण्याची कल्पना म्हणूनच सोडून द्यावी लागते. ते आधी उपसणे हाच उपाय.

तरीही ही पद्धत वाया जात नाही, कारण विरघळलेल्या प्रदूषणाचे वजन थोडे पण उपद्रव मोठा असतो. भारत स्टेज ६ या इंधन मानकाच्या पेट्रोलमध्ये बेंझीन आकारमानाने १ टक्क्यापर्यंत चालते. म्हणजे एका लिटरमध्ये ९ ग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. त्या मापाने एवढे बेंझीन सुमारे ९ लाख लिटर पाणी मर्यादेला नेऊन भिडवू शकते. हा पंप भारत स्टेज ६ पूर्वीचा आहे, पण भारत स्टेज ३ व ४ मध्येही बेंझीनची मर्यादा हीच होती.

२५ नोव्हेंबर

प्रयोगशाळेत ५ सेंटिमीटर व्यासाच्या व ५० सेंटिमीटर उंचीच्या चार काचनळ्या उभ्या केल्या. एकीत धुतलेली नदीची वाळू, दुसरीत मुरूम, तिसरीत काळी माती आणि चौथीत गेरू भरला. बाहेर पडणारा ओझोन पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात पकडून थायोसल्फेटने अनुमापन करायचे, ही जुनी व भरवशाची पद्धत ठेवली आहे. स्टार्चचा निळा रंग नाहीसा होण्याचा क्षण गाठता आला की महागड्या मापकाची गरज उरत नाही.

एक चूक झाली ती लिहून ठेवतो. घाईत एका नळीला साधे रबरी बूच बसवले गेले. दोन दिवसांत त्याला जाळीसारख्या भेगा पडल्या, कारण नैसर्गिक रबरातील दुहेरी बंध हे ओझोनचे आवडते खाद्य आहे. यापुढे जोडकाम फक्त टेफ्लॉन, काच आणि ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच राहील.

२ डिसेंबर

पेट्रोल न मिसळता, निव्वळ जमिनीची भूक मोजली. मिनिटाला १०० मिलिलिटर वायू, लिटरमागे २० मिलिग्रॅम ओझोन, म्हणजे मिनिटाला २ मिलिग्रॅम. वाळूच्या नळीतून ओझोन ११ मिनिटांत वर आला. मुरमाने मात्र तब्बल तीन तास काहीच बाहेर सोडले नाही. काळ्या मातीच्या नळीतून ओझोन तर नाहीच, वायूही धड गेला नाही. ओल लागताच ती फुगली आणि दाब वाढल्यामुळे प्रयोग थांबवावा लागला.

तीन तासांत मुरमाने सुमारे ३६० मिलिग्रॅम ओझोन खाल्ला. नळीत १.६ किलो मुरूम होता, म्हणजे किलोला २२५ मिलिग्रॅम. घनमीटरला १.७ टन वजन धरले, तर एका घनमीटर मुरमाची भूक सुमारे ३८० ग्रॅम होते, आणि आमच्या यंत्राचे ३८ तास त्यातच जातात. तोपर्यंत पेट्रोलच्या वाट्याला काय येईल, हा प्रश्नच आहे.

४ डिसेंबर

तीच मुरमाची नळी पुन्हा चालवली. या वेळी ओझोन वीस मिनिटांत वर आला, म्हणजे भुकेचा मोठा भाग एकदाच भागवावा लागतो. फेरस लोह आणि सेंद्रिय द्रव्य एकदा ऑक्सिडीकृत झाले की पुन्हा मागणी करत नाहीत. परंतु वाळूतून बाहेर पडणारा ओझोन शेवटी आत सोडलेल्या प्रमाणाइतका झाला, तर मुरमातून येणारा त्याच्या दोन-तृतीयांशावर अडकून राहिला. बेसाल्टाच्या झिजेतून आलेली मँगनीज व लोहाची ऑक्साइडे स्वतः न संपता ओझोन मोडत राहतात. ओझोन नष्ट करण्याच्या यंत्रात मँगनीज डायऑक्साइडच वापरतात, हे लक्षात घेतले तर आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. ज्या देशांत ही पद्धत वाळूच्या जलधारकांत रुळली, तेथील आकडे दख्खनच्या मुरमाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

९ डिसेंबर

आता पेट्रोल मिसळलेला मुरूम घेतला. दोन नळ्या, दोन्हींत सारखाच मुरूम व सारखेच पेट्रोल. एकीत ओझोनमिश्रित वायू, दुसरीत तेवढ्याच वेगाने नुसती हवा. दोन्हींच्या तोंडाशी सक्रिय कोळशाची नळी लावली, जेणेकरून जे उडून जाईल ते तेथे सापडेल.

चार तासांनंतर दोन्ही नळ्यांतील मुरमात बेंझीन जवळपास सारखेच कमी झालेले आढळले. कोळसा तपासला नसता, तर हवेच्या नळीतही ‘उपचार यशस्वी’ असे लिहून मोकळे झालो असतो. हवेच्या नळीतील बेंझीन मुख्यतः कोळशात मिळाले, आणि ओझोनच्या नळीतीलही बराच मोठा भाग तेथेच निघाला. ओझोन सोडताना उडवून नेण्याचे काम थांबत नाही. दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू राहतात.

१० डिसेंबर

कालच्या निकालावरून एक उपयुक्त खूण हाती आली आहे. बेंझीन व झायलीन (पेट्रोलमधील बेंझीनचाच भाऊबंद) यांची पाण्यातून हवेत जाण्याची ओढ साधारण सारखीच असते, त्यामुळे नुसते उडून जाण्याने दोघांचे गुणोत्तर फारसे बदलत नाही. ओझोनच्या थेट अभिक्रियेत मात्र दोघांत मोठे अंतर आहे: बेंझीनचा वेगस्थिरांक (अभिक्रियेचा वेग दाखवणारा आकडा) सुमारे २, त्याच कुळातील टोल्युइनचा १४ आणि झायलीनचा १०० च्या आसपास, सर्व एकाच एककात. तेव्हा झायलीन झपाट्याने आणि बेंझीन सावकाश कमी झाले, तर ओझोनने काम केले असे म्हणता येईल. दोन्ही हातात हात घालून कमी झाले, तर संशय हवेवर घ्यावा लागेल.

यात दोन पळवाटा आहेत. हायड्रॉक्सिल मूलक निवड करत नाही, त्यामुळे तो या खुणेतून निसटतो. पण येथील पाण्यातील बायकार्बोनेट तो मूलक मोठ्या प्रमाणात खाऊन टाकतो, म्हणून त्याचा वाटा लहान असावा. जिवाणूंचे काम ही दुसरी पळवाट, आणि तिचा बंदोबस्त म्हणून प्रत्यक्ष जागेवर ओझोनपूर्वी एक आठवडा नुसती हवा सोडायची असे ठरले. भाडे एक आठवड्याने वाढेल म्हणून यावर बराच वाद झाला, परंतु तुलनेचा आधार नसलेली मापे घेण्यात अर्थ नाही, यावर शेवटी एकमत झाले.

१८ डिसेंबर

ओझोन चांगल्या गोष्टींनाही सोडत नाही. बेसाल्टातील क्रोमियम त्रिसंयुजी रूपात निपचित पडलेले असते, आणि ओझोन त्याला विरघळणाऱ्या, विषारी षट्संयुजी रूपात नेऊ शकतो. ओझोन दिलेल्या मुरमातून पाणी काढून डायफिनिलकार्बझाइडने तपासले असता फिकट जांभळी छटा, म्हणजे षट्संयुजी क्रोमियमची खूण, आली. न दिलेल्या मुरमाच्या पाण्यात ती नव्हती. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. पेट्रोल काढण्याच्या नादात क्रोमियम पेरून ठेवले, असे होऊ नये म्हणून प्रत्येक नमुन्यात ही तपासणी सक्तीची केली आहे. पाण्यातील ब्रोमाइडही मोजून ठेवले, कारण ओझोन त्याचे ब्रोमेट करतो. ते येथे नगण्य निघाले.

२७ डिसेंबर

बोअर घेण्यास सुरुवात केली. हवेच्या दाबावर चालणारी नेहमीची रिग येथे मुद्दाम टाळली, कारण ती पेट्रोलची वाफ वर उधळते आणि मोजायची वस्तू मोजण्यापूर्वीच नाहीशी करते. पाण्यावर चालणारे हिऱ्याच्या दातांचे कोअर यंत्र आणले. काम मंद झाले, पण खडकाचे अखंड नळे पाहायला मिळाले.

इंजेक्शन बोअरची जाळी (नळाचा छिद्रे असलेला भाग, जेथून वायू बाहेर पडतो) साडेनऊ मीटरवर, लांबी ६० सेंटिमीटर, तिच्या वर बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचा जाड थर. निरीक्षणासाठी तीन बोअर: नि-१ पश्चिमेला दीड मीटरवर, नि-२ दक्षिणेला ३ मीटरवर आणि नि-३ ईशान्येला ५ मीटरवर. नि-३ खणताना सात मीटरच्या पुढे यंत्रातले पाणी परत येईनासे झाले. यंत्र चालवणाऱ्या अनुभवी कारागिराने लगेच सांगितले, “साहेब, मांजऱ्यात फट लागली. हे पाणी तुमच्या मधल्या बोअरकडं जाणार.” त्यांचे म्हणणे नोंदवून ठेवले आहे.

१५ जानेवारी २०२५

संक्रांतीनंतर नुसत्या हवेचा टप्पा सुरू केला. जाळीवर ३.३ मीटर पाणी धरले तरी ०.३३ बार दाब केवळ पाणी बाजूला सारण्यास लागतो, प्रत्यक्षात ०.५ बारला वायू जाऊ लागला. पहिल्या तासाभरातच नि-३ मध्ये बुडबुड्यांचा आवाज येऊ लागला. दीड मीटरवरच्या नि-१ मध्ये दिवसभर काहीही नाही. वाळूत वायू इंजेक्शनभोवती बऱ्यापैकी सगळीकडे पसरतो. येथे तो फटीचा रस्ता धरतो. कारागिराचे भाकीत पाण्यापुरते होते, वायूनेही तोच मार्ग निवडला.

सुरुवातीची बेंझीनची मापे लिटरला मायक्रोग्रॅममध्ये: नि-१ मध्ये ६४०, नि-२ मध्ये ९१०, नि-३ मध्ये १,१५०. नि-२ व नि-३ मधील झायलीन अनुक्रमे १,६४० व २,३००.

२१ जानेवारी

हवेच्या आठवड्यानंतर नि-३ मध्ये बेंझीन ८६० आणि झायलीन १,७४० मिळाले. गुणोत्तर आधी २.० होते, आताही २.० आहे. दहा डिसेंबरची खूण जमिनीतही लागू पडते, हा दिलासा मिळाला.

उद्या ओझोन सुरू करण्यापूर्वी सुरक्षिततेची यादी तपासली. ऑक्सिजनने समृद्ध वायू आणि पेट्रोलची वाफ एकत्र येणे ही या कामातील सर्वांत धोक्याची गोष्ट आहे. पेट्रोलची वाफ हवेत सुमारे १.४ टक्के झाली की पेट घेऊ शकते. त्याच्या एक-दशांशावर यंत्र आपोआप बंद होईल अशी जोडणी केली. उथळ मुरमातून वाफ ओढणारा ब्लोअर आधी सुरू होईल आणि त्यानंतरच ओझोन. कामाच्या जागेतील ओझोनची मर्यादा ०.१ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग) ठेवली आहे.

पहारेकरी काकांना वासाची ओळख करून दिली. विजा कडाडून गेल्यावर किंवा झेरॉक्स मशीनजवळ येतो तसा तो तिखट वास. शॉनबाइन यांनी १८४० मध्ये या वायूला नाव दिले तेच वास येणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. मर्यादेच्या बऱ्याच खाली असतानाही तो नाकाला कळतो, पण थोड्या वेळाने नाक सरावते. म्हणून वास यायचा थांबला म्हणजे गळती थांबली असे समजू नये, हे त्यांना दोनदा सांगितले.

२२ जानेवारी

सकाळी अकरा वाजता ओझोन सुरू केला. मिनिटाला ५ लिटर ऑक्सिजन, त्यात यंत्रानंतर २० लिटर तेलविरहित हवा. अखंड न सोडता तासातील ४५ मिनिटे चालू व १५ मिनिटे बंद, म्हणजे बंद काळात फटींमध्ये पाणी परत शिरून पुन्हा मिसळते. चालू असताना यंत्राचा वेग वाढवून तासाचे १० ग्रॅम भरून काढले आहेत.

३० जानेवारी

दुपारी गजर वाजला. जोडणीपेटीत ओझोन ०.१ पीपीएमच्या वर गेला होता. भाड्याने आलेल्या यंत्राच्या एका जोडात साधा रबरी वायसर निघाला, आणि तो २५ नोव्हेंबरच्या बुचासारखाच जाळीदार झाला होता. पुरवठादाराने कागदावर ‘ओझोनरोधक’ असे लिहून दिले होते. सगळे जोड उघडून वायसर बदलेपर्यंत दोन दिवस गेले. आपलीच प्रयोगशाळेतील चूक दुसऱ्याच्या हातून घडू शकते, हे गृहीत धरून जोड आधीच उघडून पाहायला हवे होते.

६ फेब्रुवारी

नि-३ मध्ये विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ०.४ वरून १२.१ मिलिग्रॅमवर गेला आहे. परंतु इंडिगो चाचणीत विरघळलेला ओझोन कोठेही सापडला नाही, फटीवरच्या नि-३ मध्येही नाही. वायू पाच मीटर जातो, पण ओझोन वाटेतच संपतो. त्याने कोठपर्यंत काम केले असावे, याचा अंदाज आता फक्त गुणोत्तरावरूनच बांधता येईल. रात्री विजेचा दाब पडून यंत्र तीनदा बंद पडले. ते तास हिशेबातून वजा केले आहेत.

२० फेब्रुवारी

ओझोन थांबवला. बंद राहिलेला काळ वगळून साधारण २४ दिवसांचे काम झाले, म्हणजे सुमारे ५.८ किलो ओझोन जमिनीत गेला.

नि-३ मध्ये बेंझीन ३९० व झायलीन २४०. गुणोत्तर २.० वरून ०.६ वर उतरले, म्हणजे येथे झायलीन निवडून मोडले गेले. पाण्यात ओझोन सापडला नव्हता तरी फटीच्या वाटेवर त्याने काम केले, असा निष्कर्ष काढणे रास्त वाटते. जिवाणूंचा वाटा पूर्णपणे नाकारता येत नाही, पण हवेच्या आठवड्यात हे गुणोत्तर हलले नव्हते. नि-२ मध्ये बेंझीन ५२० आणि झायलीन ९३०, गुणोत्तर १.८ होते, १.८ च राहिले. तेथील घट दिसायला चांगली असली, तरी ती ओझोनच्या नावावर मांडता येणार नाही. नि-१ मध्ये ६१०, म्हणजे फरक नाहीच. वाफ ओढणाऱ्या ब्लोअरच्या कोळशात मिळालेले बेंझीन तिन्ही बोअरच्या हिशेबात वेगळे दाखवले आहे.

षट्संयुजी क्रोमियम नि-३ मध्ये लिटरला ०.०३ मिलिग्रॅमपर्यंत चढले आहे. मर्यादेच्या आत, पण सुरुवातीला ते मोजण्याइतकेही नव्हते.

२० मार्च

एक महिन्याच्या विश्रांतीनंतरची मापे हाती आली. नि-३ मध्ये बेंझीन ३९० वरून ५७० वर परतले आहे. फटीतील पाणी साफ झाले, पण फटीच्या भिंतींतील मांजऱ्यात शिरलेले पेट्रोल पुन्हा झिरपू लागले. नि-२ मध्ये ५२० वरून ७८०. क्रोमियम मात्र ०.०१ वर उतरले, म्हणजे खडकातील उरलेले फेरस लोह त्याला परत स्थिर रूपात आणत असावे.

ग्राहकाला पाठवण्याच्या मसुद्यात पूर्ण जागेसाठी ओझोनची शिफारस केलेली नाही. फटीच्या दिशेने हवा सोडून जिवाणूंना वर्षभर काम करू द्यावे, आणि शेजारच्या विहिरीकडे जाणाऱ्या ईशान्य बाजूच्या फटीवर शेवटच्या टप्प्यात थोड्या काळासाठी ओझोन वापरावा, असे सुचवले आहे. भूजल ७.१ मीटरवर गेले आहे. सध्याच्या जाळीवर आता अडीच मीटरच पाणी उरल्यामुळे नवीन जाळी ११ मीटरवर बसवावी लागेल. त्यासाठी कोअर यंत्र व तोच कारागीर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यासाठी सांगून ठेवला आहे.